वायर, प्लेट आणि एक बोंड

मी भूल देणारी डॉक्टर. हाताच्या ऑपरेशनला मी पेशंटचा फक्त हात झोपवते, तोंड चालूच राहतं! त्यामुळे मेहकरच्या आमच्या दवाखान्यात एवढे किस्से साठले, यात माझा काही दोष नाही.

* * *

आमचे मोठे सर वायरवाले. कातडीतूनच बारीक वायर हाडात घालायची, हाड जुळलं की ओढून काढायची. त्यांचाच शिष्य डॉ. शेख प्लेटवाला. चिरा द्या, प्लेट-स्क्रू बसवा, बोटं लगेच हलवा! दोघांची जुंपली की थांबायची नाही. एकदा टेबलावरचा माणूसच ओरडला, "पह्यले ठरवून घ्या न डाक्टरसाहेब! माहा हात तुमच्याजवळ हाये!"

* * *

एक गडी वायर काढायला वेळेवर आलाच नाही. आला तेव्हा वायर खिशात! "कापूस फुटला होता साहेब. पकड उकळली अन् घेतली ओढून."

"अरे बाबा, हात सडला असता ना!" सर भडकले. एक्स-रे काढला तर हाड सरळ, पक्कं जुळलेलं. सर कितीतरी वेळ फिल्म उजेडाला धरून उभे होते. काय ही माणसं, आणि काय ही हाडं!

* * *

बोंडअळी लागत नाही म्हणणारं बीटी बियाणं आल्यापासून आमच्याकडे जिकडे पाहावं तिकडे कापूस. सरांनी बोटांची परीक्षाच त्यावर ठेवली. ड्रॉवरमध्ये सुकी बोंडं. पेशंटनं चिमटीनं कापूस काढायचा. कणभर राहिला तरी सर म्हणायचे, "थोडा राहिला. आठ दिवसांनी पुन्हा या."

गंगाबाईंच्या हातावर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा फाळका पडला होता. "वेचणी तोंडावर हाये. बोटं आखडली तं मले कोण बोलावीन?"

सर शेखला म्हणाले, "प्लेट लाव." जन्मभर वायरची वकिली केलेला माणूस!

परीक्षेला बाईंनी बोंड एका झटक्यात साफ केलं आणि आतल्या किडीकडे बोट दाखवलं. "अळीनं खाल्लेलं बोंड ठेवता काय परीक्षेले? अन् म्हणे बीटी!"

* * *

मग सरांचाच उजवा हात मोडला, बाथरूममध्ये घसरून. बोटं आखडली असती तर त्यांची सर्जरी संपली असती. भूल मीच दिली.

"सर, वायर की प्लेट?" शेखनं विचारलं.

"तुझा हात ज्यात बसलाय ते कर."

त्यानं प्लेट लावली.

पुढे एकदा गंगाबाई हात दाखवायला आल्या, तेव्हा सर टेबलाखाली बोटं चोळत बसले होते. बाईंनी पिशवीतून बोंड काढून समोर ठेवलं. "हे बिनअळीचं हाये. घ्या."

सगळी ओपीडी उभी राहून बघत होती. सरांची चिमूट सुटली, पुन्हा बसली. कापूस आला! शेखचे डोळे भरले. बाईंनी बोंड उजेडाला धरून आत पाहिलं.

"थोडा राह्यला. आठ दिवसांनी पुन्हा या."

सर खुर्चीतून उठले. "हाव बाई, येतो."