झोपलेल्याचा वाटा

पौष सरत आला की आमच्याकडे कळंब्याच्या बाजूनं वारा येतो आणि त्याच्याबरोबर गुऱ्हाळाचा वास. उकळत्या रसाचा, मळीचा, किंचित करपलेल्या गोडीचा. कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला या वासानं लहानपण आठवतं, जिभेला बसलेला गरम काकवीचा चटका आठवतो. मला आठवतं ते युरोप. हे ऐकून माणसं हसतात. हसू द्यावं. ज्या गाडीतून आम्ही चौघं जेनोव्याच्या बंदरातून निघून थेट लंडनपर्यंत गेलो, त्या गाडीनं आधीची पाच वर्षं गुळाच्या ढेपा वाहिल्या होत्या, आणि बोटीवर चढवण्यापूर्वी तीनदा धुऊनही तिच्या गाद्यांतला गूळ काही निघाला नव्हता. इटलीतल्या उन्हात तो वास असा उठायचा, की डोळे मिटले तर आपण शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेत उभे आहोत असं वाटावं. आता उलटं होतं. वास येतो, डोळे मिटतात, आणि समोर एक डोंगर उभा राहतो. तो मला नीट दिसत नाही. का दिसत नाही, तेच सांगायला बसलो आहे.

संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षं झाली होती. आम्ही तिशीच्या अलीकडे होतो आणि कोल्हापूर आम्हाला पुरत नव्हतं. गाडी होती गुळाच्या अडत्याच्या मुलाची. दुसऱ्याचा ओतकामाचा कारखाना होता. इंजिनाच्या नुसत्या आवाजावरून तो त्याचं दुखणं ओळखायचा. मी वकिली करत होतो, म्हणजे काळा कोट घालून कोर्टाच्या आवारात चहा पीत होतो. आणि चौथा होता तो शाळेत भूगोल शिकवायचा. आम्ही त्याला मास्तरच म्हणत असू. बारीक अंगाचा, चष्मेवाला, कुणी बोललं की आधी ऐकून घेणारा. आमच्या टोळीत ऐकून घेणारा माणूस म्हणजे दगड मारायला आयतं बोराचं झाड. त्याच्या चालण्याची नक्कल आम्ही करायचो, त्याच्या टोपीत ओली माती घालायचो, आणि तो हसायचा. तो हसतो म्हणजे त्याला चालतं, असा आमचा सोयीस्कर समज होता.

प्रवासाची टूम गुळवाल्याची, पण रस्ता मास्तरचा. दोन वर्षं तो शाळेच्या नकाशांवर पातळ कागद ठेवून रेघा उमटवत होता. कुठे घाट, कुठे पूल, कोणत्या गावाच्या पुढे चढ लागतो, सगळं त्याच्या वहीत होतं. त्याबदल्यात त्यानं एकच गोष्ट मागितली. स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्ड खिंडीत अर्धा तास गाडी थांबवायची. तिथे म्हणे डोंगराच्या एका उतारावरचं पाणी उत्तरेच्या समुद्राला जातं आणि दुसऱ्या उतारावरचं दक्षिणेच्या. दरवर्षी तो वर्गातल्या पोरांना एस.टी.नं गगनबावड्याला नेऊन घाटमाथ्यावर उभा करायचा आणि सांगायचा, इकडे पडलेला थेंब कोकणात उतरतो, तिकडे पडलेला पंचगंगेतून, कृष्णेतून पार पूर्वेच्या समुद्राला जातो. हाताएवढ्या अंतरानं थेंबाचं नशीब बदलतं. तसलाच, पण कितीतरी मोठा माथा त्याला एकदा डोळ्यांनी बघायचा होता. त्यासाठी त्यानं पंचगंगेच्या घाटावरून औषधाच्या बाटलीत पाणी भरून घेतलं होतं. त्या खिंडीत ते तो ओतणार होता, आणि कोणत्या बाजूला वाहतं ते बघून येऊन पोरांना सांगणार होता. निघायच्या दिवशी अख्खा वर्ग ती बाटली हातात घेऊन बघून गेला.

आता आमचा एक नियम सांगायला हवा. लहानपणी पन्हाळ्याहून, जोतिबाहून बैलगाडीनं परतताना बरोबर डबे असत. वाटेत ज्याला डुलकी लागेल त्याचा डबा बाकीच्यांनी फस्त करायचा आणि रिकामा डबा झाकण लावून त्याच्या मांडीवर ठेवायचा. झोपेल त्याचा वाटा आमचा. जागं झाल्यावर तो माणूस झाकण उघडताना जे तोंड करायचा, ते बघण्यासाठीच आम्ही प्रवास करत होतो म्हटलं तरी चालेल. मास्तर एकटाच असा, की आपल्यातला घास झोपलेल्यासाठी रुमालात बांधून ठेवायचा. त्याबद्दलही आम्ही त्याची टर उडवत असू.

मिलानला मला ताप भरला. दोघं सोबती शहर बघायला गेले. मास्तर माझ्या उशाशी बसून राहिला. दोन दिवस आणि दोन रात्री. कपाळावर पाण्याच्या घड्या ठेवल्या, पेज कशी करायची ते खाणावळवालीला हातवारे करून समजावलं, माझी ओकारी स्वतःच्या हातानं काढली. तिसऱ्या सकाळी ताप उतरला आणि आम्ही निघालो. एरवी नकाशा घेऊन पुढे बसणारा मास्तर त्या दिवशी मला टेकायला खांदा हवा म्हणून मागे बसला. "जरा डोळा लागला तर घाटाच्या पायथ्याला हलवून उठव हं," एवढं मला म्हणाला. आणि चढ लागायच्या आत झोपला.

मी त्याला हलवायला हात पुढे केला होता. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. उलट गुन्हा त्यानं वाढतो. आरशातून गुळवाल्यानं ते पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "उठवू नगंस. नियम म्हंजे नियम."

"झोपंल त्याचा वाटा आपला," ओतकामवाला म्हणाला आणि तोंडावर पालथी मूठ दाबून हसायला लागला.

मी हात मागे घेतला. मलाही हसू येत होतं.

ज्या माणसानं जन्मात कधी गाडी हळू हाकली नाही, त्यानं त्या दिवशी ती वळणं अशी घेतली, की जणू गाडीत भरलेला हंडा आहे. माथ्यावर इंजिन तापलं म्हणून थांबावं लागलं. दारं न वाजवता आम्ही उतरलो. ओतकामवाल्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, आजूबाजूला पाहिलं. पाण्याला तिथे तोटा नव्हता, दहा पावलांवर तळं होतं. तो गाडीकडे परत आला, मास्तरच्या मांडीवरच्या पिशवीतून अलगद ती बाटली काढली आणि सगळं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं. मग बूच लावून रिकामी बाटली पुन्हा पिशवीत ठेवली. आम्ही तिघं एकमेकांचे दंड धरून आवाज न करता हसलो. मास्तरचं तोंड किंचित उघडं होतं, चष्मा नाकावरून घसरला होता. अर्धा तास म्हणून मागितलेल्या त्या जागी आम्ही दहा मिनिटं थांबलो असू, आणि ती दहाही मिनिटं मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. तो जागा होतो की काय म्हणून.

तो उठला तेव्हा आम्ही पलीकडच्या गावात कॉफी पीत होतो. त्यानं आधी डोंगराकडे पाहिलं. डोंगर चुकीच्या बाजूला होता. भूगोलाचा मास्तर तो, त्याला कुणी सांगावं लागलं नाही. मग त्यानं पिशवी चाचपली, बाटली बाहेर काढली. ज्या तोंडासाठी एवढा खटाटोप केला ते तोंड आता दिसणार म्हणून आम्ही पुढे वाकलो. त्याचा चेहरा नुसता पांढरा पडला. "मागं जाऊया का?" तो म्हणाला. "तासाभराचा तर रस्ता आहे."

"आता कुठं मर्दा," गुळवाला म्हणाला. "घाटच बघायचा तर आपला गगनबावडा हाय की."

मास्तरनं माझ्याकडे पाहिलं. मी मध्ये पडलो असतो तर गुळवाल्यानं गाडी वळवली असती. आमच्यात माझा शब्द चालत होता. मी कपातली साखर ढवळत राहिलो. मग त्यानं नकाशा उघडला आणि म्हणाला, "पुढच्या फाट्याला उजवीकडे." तिथून लंडनपर्यंत त्यानं आम्हाला एकही वळण चुकू दिलं नाही.

परतल्यावर शाळेनं चौघांचा सत्कार ठेवला. मास्तर खिंडीचं वर्णन कसं करतो, थाप मारतो की काय करतो, हे बघायला आम्ही पहिल्या रांगेत बसलो होतो. हार घालून, आणि पोटात तेच जुनं हसू घेऊन. तो उभा राहिला. इटली सांगितली, ऱ्हाईन सांगितली. मग साध्या आवाजात म्हणाला, "खिंडीत मी झोपलो होतो. पण आमचे वकील जागे होते. ते सांगतील." आणि खडू माझ्यापुढे धरला.

फळ्यासमोर मी उभा राहिलो. वर्ग भरून मुलं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांतल्या प्रत्येकानं निघायच्या दिवशी ती बाटली हातात धरलेली होती. मला काहीही आठवेना. बर्फ होतं का? असावं. दगड कसल्या रंगाचा? तळ्यात आभाळ दिसत होतं का? मी मास्तरच्याच वहीतलं, जहाजावर त्यानं आम्हाला हजारदा ऐकवलेलं वर्णन घडाघडा म्हणून दाखवलं. उत्तरेचं पाणी, दक्षिणेचं पाणी. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मास्तर बाकाच्या कडेला टेकून डोळे मिटून ऐकत होता. टाळ्या थांबल्यावर त्यानं डोळे उघडले आणि हळूच विचारलं, "वाऱ्याचा आवाज कसा होता रे तिथे?"

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी सुटलो असतो. त्याला खरोखरच ते हवं होतं, आणि ते देऊ शकणारा माणूस मी आहे असं त्याला वाटत होतं. मी खडू ठेवला आणि खाली येऊन बसलो.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुन्हा युरोपला जायचा योग त्याला आला नाही. मला दोनदा आला, पण मी त्या रस्त्यानं गेलो नाही. गुळवाला अजून चारचौघांत तो किस्सा रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात. मी हसत नाही, पण थांबवतही नाही. गुऱ्हाळं पेटली की वास येतो, डोळे मिटतात, आणि मी त्या माथ्यावर कान लावून उभा राहतो. ऐकू येतो तो मास्तरचा श्वास. झोपेतला, शांत, दोन रात्रींच्या जागरणानं जड झालेला. त्या डोंगरावरून मी एवढंच आणलं आहे.