परत पाठवलेली सुरमई

अंधेरीला एमआयडीसीतल्या एका मालवणी खानावळीत मी रोज दुपारी जेवतो. समोर एक ऑफिसवाला येऊन बसतो. नाव मी विचारलं नाही. गळ्यातल्या कार्डावर असेल, पण ते इंग्रजीत आहे, आणि इंग्रजीवाचून माझं आजवर काही अडलेलं नाही.

ताट आलं की साहेब आधी वास घेतात. मग सुरमईचा तुकडा बोटाने दाबून डोळे मिटतात, जणू मासा आता कुठे दुखतंय ते सांगणार आहे. मग हुकूम सुटतो, "शिळी आहे. बदलून आण."

मी देवगडचा. सुरमई ताजी आहे हे मला लांबूनच दिसतं. वेटर ताट आत नेतो. माझी खुर्ची आतल्या दाराशी, म्हणून पुढचंही दिसतं. तो तोच तुकडा उलटा करतो, वर लिंबाची फोड ठेवतो आणि परत आणून देतो.

"आता कशी ताजी आली!" साहेब खूश. "बोलावं लागतं, आजोबा. तुम्ही गप्प खाता, म्हणून तुम्हाला काहीही वाढतात."

परवा माझं डोकंच फिरलं. सांगूनच टाकलं, "अहो, तुकडा तोच आहे. नुसता उलटा केलाय."

तो घास चावत हळूच म्हणाला, "माहीत आहे मला. पण मी सांगितलं की घेऊन जातो ना? दिवसभरात माझं ऐकणारा तेवढा एकच."

हात धुताना मी वेटरला गाठलं. म्हटलं, "उद्यापासून त्याचं ताट जरा जास्त वेळ आत ठेव रे."