मूळ प्रत सांभाळणाऱ्या थूल मॅडम

गिरडजवळच्या एका वस्तीतल्या सुनंदा कोवे यांना पोळ्याच्या आदल्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवरून परत पाठवलं. सुनंदाबाईंना सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. गोळ्या चुकल्या की सांधे असे धरतात की दाराची कडीसुद्धा त्यांना काढता येत नाही. कार्ड हातात होतं, मागच्या महिन्याची नोंद त्यावर होती, तरी उत्तर मिळालं, "तुमचं नाव दुबार होतं, उडालं. यादी थूल मॅडमच्या कॉम्प्युटरात आहे."

मी अशा तक्रारींची पत्रकं छापून वाटतो; दुपारपर्यंत माझं पत्रक तयार होतं. मथळा : 'नावं खाणाऱ्या थूल मॅडम, जबाब द्या'. बुधवारी सकाळी सुनंदाबाई आणि त्याच यादीत नाव असलेली त्यांची जाऊ शेवंताबाई, दोघींना घेऊन मी दवाखान्याच्या ऑफिसात घुसलो. थूल मॅडम म्हणजे याद्या सांभाळायची कंत्राटी नोकरी, पन्नाशी, बोरगाव मेघेहून येणारी जुनी स्कूटी आणि टेबलाखाली काढून ठेवलेल्या चपला. मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी चिठ्ठी आणि पेन पुढे सरकवलं.

"आधी नाव लिव. तुह्या हातानं."

येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या असं लिहून घेत. "नाव ज्याचं त्याचं राह्यते," त्या म्हणत, "आपन फक्त सांभाळाचं." मग त्यांनी माझं पत्रक शांतपणे वाचलं. "हेडिंग जोरदार हाये. आता बस, अन् कोनी खाल्लं ते पाह्य."

त्यांनी यादी उघडली आणि मी बघतच राहिलो. नावांच्या रकान्यात नावच नव्हतं. नुसती प्रश्नचिन्हं, वरपासून खालपर्यंत.

झालं होतं असं. सिकलसेलच्या रुग्णांची तालुक्याची जुनी यादी आणि दवाखान्याची नवी यादी एकमेकींशी जुळवायची होती. डेटाबेसमध्ये प्रत्येक यादीला आपला एक नियम असतो, कोणतं अक्षर आधी, कोणतं नंतर, कोणती सारखी मानायची. त्याला कोलेशन म्हणतात. या दोन याद्यांचे नियम वेगळे निघाले, म्हणून मशीनने जुळवणीच नाकारली आणि एरर दिला. मॅडमच्या भाषेत सांगायचं तर, "दोन गावचे पंच एका सभेत बसले. मशीन म्हनते, मी कोनाचं ऐकू?"

कॉम्प्युटरचं काम घेतलेल्या कंत्राटदाराच्या इंजिनिअरने सोमवारी दुपारी यावर उपाय शोधला. दोन्ही याद्यांतला नावांचा रकानाच त्याने इंग्रजी पद्धतीचा करून टाकला. त्या रकान्याला मराठी अक्षर ठाऊकच नाही. म्हणून अक्षर, उकार, काना, मात्रा, अनुस्वार अशा एकेका खुणेच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह बसलं. 'सुनंदा'ची सहा, 'कोवे'ची चार. 'शेवंता'चीही सहाच. गाव एक, प्रश्नचिन्हं तितकीच, म्हणून मशीनने दोन बायांची एक बाई केली आणि दुसरी दुबार म्हणून पुसली.

शेवंताबाई पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "मी अन् हे एकच? हे तं माह्यासंगं दोन महिन्यांपासून बोलत बी नाई."

"भांडन तूच चालू केलं होतं," सुनंदाबाई म्हणाल्या. दोन महिन्यांतलं ते पहिलं बोलणं असावं.

मॅडमनी इंजिनिअरला फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, एरर गेला ना? मग काय प्रॉब्लेम आहे?"

"एरर गेला बाबू. संगं मानसं बी गेले."

"आता प्रश्नचिन्हांवरून नावं परत नाही आणता येत. पुन्हा सर्वे करावा लागेल."

मी पेटलो. पुन्हा सर्वे म्हणजे किती महिने? तोवर या बाईने गोळ्यांविना कसं राहायचं? मी टेबलावर हात आपटला. मॅडम म्हणाल्या, "टेबल सरकारी हाये, फुटन," आणि कपाट उघडून एक डिस्क काढली. तिच्यावर चिकटपट्टी होती : 'सोमवार सकाळ. हात लावण्याआधी.'

दुसऱ्या कोणाला काम सोपवण्याआधी त्या प्रत काढत. ऑफिस हसायचं, थूल मॅडम लोणच्यासारखा डेटा मुरवतात म्हणून. त्या दिवशी कोणी हसलं नाही. त्यांनी मूळ नावं वेगळ्या तक्त्यात उतरवली. मग जुळवणीच्या हुकुमातच दोन शब्द वाढवले, की फक्त या तुलनेपुरता दोन्हीकडे देवनागरी समजणारा हा एकच नियम धर. साठवलेल्या एकाही नावाला हात लागला नाही.

"भांडन जुळवताना झालं ना? मंग तिथंच मिटवाचं. लोकायच्या घरात घुसून नावं काऊन बदलवता?"

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर ओळी भराभर उतरू लागल्या, खरी नावं, काना-मात्रा-अनुस्वारासकट. आम्ही चौघं वाकून वाचत होतो. "थांब, थांब!" सुनंदाबाईंनी काचेवर बोट टेकवलं. सुनंदा कोवे. तिच्याच खाली शेवंता कोवे. दोन ओळी, दोन बाया. साडेबारा वाजता गोळ्यांचं पाकीट सुनंदाबाईंच्या पिशवीत होतं, आणि पिशवी शेवंताबाईंनी धरली होती.

मी पत्रकाचा गठ्ठा फाडला. पुढच्या पत्रकात मॅडमचं कौतुक छापतो म्हटलं, तर ओरडल्या. "माह्यं नाव काढ. पद्धत लिव. मी आज हावो, उद्या नाई."

तसंच झालं. पुढल्या खेपेला त्यांचं कंत्राट वाढलं नाही. इंजिनिअरचं वाढलं. शेवटच्या दिवशी त्यांनी ती डिस्क पावती घेऊन जमा केली आणि माझी चिठ्ठी मला परत दिली. "तुह्यं नाव तुह्यापाशी ठेव. येजो घरी, चहा पाजतो." स्कूटी तिसऱ्या किकला सुरू झाली आणि त्या गेल्या.

त्यांचं नाव छापायचं नाही हे मी आज मोडतोय. पण पद्धतही लिहिली आहे. आता तुमचं काम. रेशन असो, औषध असो, घरकुल असो, ज्या यादीवर तुमचं पोट किंवा जीव आहे, त्या ऑफिसात या आठवड्यात जा. आपलं नाव स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आणि "दुरुस्ती चालू आहे" असं कोणी म्हणालं, तर जागचे हलू नका. विचारा : हात लावण्याआधीची मूळ प्रत कुठे आहे? दाखवा.