लाल मंजन
लवंग-कापराचा वास आला की मला ती सकाळ दिसते बाई. नागपूरला आमच्या विणकरांच्या गल्लीत उजाडल्यापासून मागांची खटखट असायची. सासरे अंगणात बसून लाल मंजनाने दात घासत, आणि त्याच बोटाने आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याचेही, कारण त्याच्या तोंडाचा फार वास यायचा ना! त्या दिवशी मंजन धुवायच्या आधीच कुत्रा मांजरामागे गल्लीत पळाला. तोंडाला सगळा लाल फेस! "पिसाळला गा, मारा त्याले!" कोणीतरी ओरडलं आणि माणसं काठ्या घेऊन तुटून पडली. जबडा मोडल्याचा आवाज मी दारातून ऐकला. सासरे धावले, पण तोंड मंजनाने भरलेलं, बोलता येईना. त्यांनी सगळ्यांसमोर लाल थुंकी टाकली नि ओरडले, "हे पाहा! मीबी पिसाळलो काय? मले काहून नाही मारत?" काठ्या थांबल्या, पण उशीर झाला होता. कुत्र्याने त्यांच्या मांडीवर जीव सोडला, तेव्हाही त्याच्या तोंडाला मंजनाचाच वास येत होता. परवा नातीने तिच्या कुत्र्यासाठी ब्रश आणला. मी म्हटलं, "घास वं, पण तोंड धुतल्याबिगर त्याले दाराबाहेर सोडू नको."