सुमनताईंनी देऊ केलेली खोली

माझ्या शेजारच्या सुमनताई गेल्या, तेव्हा पहिला फोन मी त्यांच्या भाच्याला नाही, ऑस्ट्रेलियातल्या इद्रिसला केला. पलीकडून तो स्वच्छ मराठीत म्हणाला, "काका, नेहमीसारखं वाढवून सांगताय ना?" माझी ख्यातीच तशी. पण त्या दिवशी वाढवायला काही उरलंच नव्हतं.

इद्रिस अफगाणिस्तानातून पुण्यात शिकायला आला आणि ताईंकडे पेइंग गेस्ट राहिला. ताई म्हणजे पाहुण्याला पाणी देतानाच परतीच्या बसची वेळ सांगणाऱ्या. त्यांचं नुसतं 'कोण आहे?' ऐकून येरवड्यातले पळालेले कैदी आपण होऊन कोठडीत परतले असते. इद्रिस आंघोळीला गेला की त्या बाहेरून ओरडत, "अहो, खडकवासला रिकामा झाला, या आता!" त्याच बाईनं त्याला भाकरी थापायला शिकवली. त्याची भाकरी पर्वतीवरून दिसायची, एवढी मोठी!

शिक्षण संपलं, इथला व्हिसाही संपला आणि गावी परतणं जिवावर बेतणारं झालं. तो कसाबसा ऑस्ट्रेलियात पोचला, तिथं निर्वासित म्हणून संरक्षण मागितलं. ते नाकारलं गेलं, फेरसुनावणी लागली आणि त्याला पुण्यात ओळखणाऱ्या म्हणून ताईंची साक्ष व्हिडिओवर ठरली. मी म्हटलं, "ताई, जरा रंगवून सांगा."

"रंगवायला तू आहेस. मी खरं तेवढं सांगणार."

दुभाष्यामार्फत प्रश्न आला, इद्रिस पुण्यात परतला तर राहील कुठे? जन्मात कुणाला 'राहा' न म्हटलेल्या ताई म्हणाल्या, "त्याची खोली तशीच आहे. केव्हाही येऊ दे." मी टाळ्याच वाजवणार होतो.

निकाल आला. अर्जदाराला पुण्यात घर आहे, सबब संरक्षणाची गरज नाही.

"अरे, पण भारतात शिरायचा व्हिसा काय मी देते?" ताई कडाडल्या. अपील कोर्टात गेलं. "मी सांगते त्यांना, खोली भाड्यानं दिली. खोटं तर खोटं!" पण वकिलानं कळवलं, कोर्ट नवं काही ऐकत नाही, आधीच्या निर्णयात कायद्याची चूक झाली का, एवढंच जुन्या कागदांवरून तपासतं. ताईंचं अन्न तुटलं. फोन हातातून सुटेना. रोज विचारायच्या, "माझ्या एका वाक्यानं पोर मरणार का रे?" मी उठून गॅलरीतल्या तुळशीला पुन्हा पुन्हा पाणी घालायचो… एका दुपारी त्या खुर्चीतच गेल्या.

परवा इद्रिस सांगत होता, "काका, ताई गेल्या हेसुद्धा कोर्टापुढे आणता येत नाही म्हणे. ते निर्णयानंतर घडलं ना."

इकडे भाच्यानं खोली रिकामी केली, कॉट भंगारात गेली. तिकडच्या फायलीत मात्र ताई अजून दार उघडं धरून उभ्या आहेत, 'केव्हाही येऊ दे' म्हणतायत. पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे. सुमनताईंचा शब्द खाली पाडायची आमच्या गल्लीत कुणाची हिंमत झाली नाही… हा एक तरी कोर्टात पडू दे, म्हणून मी रोज देवापुढे हात जोडतोय.