डाव्या पायाचा ब्रेक

मोटारसायकलवर बसण्याआधी दादा डावी मांडी दोनदा थोपटत आणि गुडघ्याखालच्या रिकाम्या जागेला म्हणत, "तू गप बस. तुझं काम न्हाई आता."

पाय गमावलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. तुटलेला पाय पुष्कळ वर्षं जात नाही, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं असेल. तो खाजतो, थंडीत बधिर होतो. माझा डावा पाय लहानपणी सरकी काढण्याच्या कारखान्यात पट्ट्यात सापडून गेला. त्यामुळे हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

दादा मूळचे कुरुंद्याचे. फौजेत मोटारसायकलवरून डाक पोचवत. लढाईत पाय गेला आणि ते हिंगोलीला येऊन राहिले. फौजेनं विकायला काढलेली साइडकारची गाडी त्यांनी घेतली आणि आमच्यासारख्या डावा पाय गेलेल्यांचं एक मंडळ काढलं. सभासद सात. लोक आम्हाला 'लंगडी पलटण' म्हणत. ते मंडळाचे सेक्रेटरी, पण आम्ही त्यांना दादाच म्हणायचो. आमच्यासारख्याला गाडीचा परवाना मिळायचा तो दादांच्या चिठ्ठीवर.

चिठ्ठीसाठी परीक्षा होती. आमच्या गाड्यांचा ब्रेक हाताच्या दांड्यावर घेतलेला असे. डाव्या बाजूच्या पायाच्या ब्रेकची सळई काढून टाकलेली, खाली नुसती पट्टी उरलेली. दादा साइडकारमध्ये बसत आणि गाडी वेगात असताना एकदम ओरडत, "थांब!" तेव्हा त्यांची नजर आमच्या हातावर नसे, मांडीवर असे. घाबरलेला माणूस हात विसरतो आणि नसलेल्या पायानं ब्रेक दाबतो. मांडी हलली की नापास.

मी दोनदा नापास झालो.

"कॉलेजात जातू ना रं तू?" दादा म्हणाले. "मंग? जे न्हाई, त्याच्यावर भरवसा ठिवायचा न्हाई, एवढंबी शिकवत न्हाईत काय तिथं?"

सगळे हसले. मीही हसलो. पण जवळा बाजारच्या शाळेत मला मास्तरची जागा मिळत होती, आणि आमच्या गावाहून रोज जाणं-येणं गाडीशिवाय होणार नव्हतं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वडील त्या नोकरीकडे डोळे लावून बसले होते.

चैत्रातल्या एका दुपारी आम्ही दोघं वारंगा फाट्याकडून परत येत होतो. दादा गाडीवर, मी साइडकारमध्ये. रस्त्यावर वर्दळ नव्हती. उतारावर ब्रेकची तार तुटली. खाली तांड्यावरची एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन रस्ता ओलांडत होती. दादांनी हाका मारल्या. तिला ऐकूच जात नव्हतं.

गाडी थांबली. म्हातारीपासून दोन हातांवर.

ती आमच्याकडे न बघताच निघून गेली. वारा नव्हता. तापलेलं लोखंड तेवढं टिकटिक करत होतं. मी साइडकारमधून वाकून पाहिलं. सळई नसलेली ती ब्रेकची पट्टी तळापर्यंत दाबलेली होती. मग, कुणी पाय उचलून घ्यावा तशी ती हळूहळू वर आली.

"बघितलंस?" दादांनी विचारलं.

"व्हय."

दादांनी तुटलेली तार गाठ मारून जोडली आणि गाडी सावकाश हिंगोलीला आणली.

त्या रविवारी दादांनी सभासदांच्या वहीतून स्वतःचं नाव खोडलं.

"येड लागलं का दादा?" आमच्यातला एक सुतार ओरडला. "म्हातारीचा जीव वाचवला तुमी!"

"म्या न्हाई वाचवला. ज्यानं वाचवला त्याचं नाव वहीत न्हाई." दादांनी दौत बंद केली. "मांडी हालली की नापास. माझी हालली. आज मला सोडलं, तर उद्या तुमी समदे तार तपासायचं सोडून त्याच्याच भरवशावर बसाल."

मग त्यांनी माझी परीक्षा घेतली. त्या दिवशी माझी मांडी दगडासारखी राहिली. माझी चिठ्ठी हे त्यांचं मंडळातलं शेवटचं काम. गाडी मंडळाला ठेवून ते कुरुंद्याकडे जाणाऱ्या बैलगाडीत बसले.

एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही. ती आता इथं लिहितो. त्या उतारावर माझीही मांडी हलली होती. नसलेल्या पायानं मी जीव खाऊन दाबलं होतं, आणि तळव्याखाली तापलेलं लोखंड लागलं होतं. गाडी कुणाच्या पायानं थांबली, मला ठाऊक नाही. पण बोललो असतो तर चिठ्ठी गेली असती. म्हणून मी दादांना एकट्याला नापास होऊ दिलं.

शाळेत दोन महिने काढले. मग राहवेना, म्हणून सगळं सांगून टाकायला कुरुंद्याला गेलो. दारात त्यांची भावजय हळद निवडत बसली होती.

"भावजी व्हय? आठ दिस झाले जाऊन. कुणाला सांगितलं बी न्हाई."

"कोणाच्या गाडीत गेले?"

"गाडी कुठली? पायीच गेले म्हणायचं." तिनं भिंतीकडे बोट केलं. तिथं त्यांची कुबडी टेकवलेली होती. "ही हितंच हाय. अन् मास्तर, डावा जोडा इतकी वर्सं खुंटीला हुता. ह्या बारीला दोन्ही नेले."

ती पुन्हा हळद निवडू लागली.