बिनवशिंडाची गाय

सासूबाईंचं एकच म्हणणं, जिला वशिंड न्हाई ती गायच न्हाई. नवऱ्याने घोडेगावच्या बाजारातून जर्शी आणली त्या दिवसापासून हे ऐकून माझे कान किटले. तिचं दूध विकायला चालायचं, पाहुण्यांच्या चहाला चालायचं. देवाला नाही, आणि माझ्या सहा महिन्यांच्या पोराला तर मुळीच नाही.

त्यात तापाने माझं अंगावरचं दूध आटलं. दुष्काळात गावरान गाया भाकड पडलेल्या. दारात चरवी भरून दूध निघायचं आणि पोरगं भाताच्या पेजेवर किरकिरायचं. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. ढोरांच्या डॉक्टरने समजावलं, नवऱ्याने समजावलं, मी तर पाया पडले. "इलायती रगत हाय ते. पोरगं मुकं निपजंल," एवढंच उत्तर. चोरून पाजावं तर चरवीवरून त्यांची नजर हलायची नाही. जीव नुसता वैतागून गेला होता.

मग विहिरीच्या कामावर नवऱ्याचा अंगठा ठेचला. धार काढायची कोणी? मी नगरच्या बोळात वाढलेली, गाईने मला पहिल्याच दिवशी लाथ घातली. शेवटी सासूबाई बसल्या, नाकाला पदर लावून, तोंडाने शिव्या देत. दोन दिवसांत पदर गेला. आठवड्यात शिव्याही गेल्या. "माज्या हाताबिगर पान्हा सोडत न्हाई बया," असं गल्लीभर सांगू लागल्या. आणि एका सकाळी कोणी न सांगता त्यांनी पोराला मांडीवर घेतलं आणि त्या गाईचं कोमट दूध वाटी-चमच्याने पाजलं. मला रडूच आलं. माझ्या एवढ्या विनवण्या गेल्या मातीत, पण पोरगं तर तरलं.

वसुबारसेला गाईला हळदकुंकू लावताना त्या शेजारणीला म्हणाल्या, "मी पयल्यापासून म्हनत हुते, हिचंच दूध पाजा. सूनच ऐकंना. नगरची हाय ना." मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो वासराचं दावं सोडवण्यात गुंतलेला. बाई खोटं बोलत असती तर भांडले असते. पण त्यांना खरंच तसं आठवत होतं, त्याला काय करणार, कपाळ?

पोरगं हेच ऐकत मोठं झालं. परवा बायकोला सांगत होतं, "आजी होती म्हणून मी जगलो. आईचा त्या दुधावर विश्वासच नव्हता." मी पोळ्या लाटत होते. खरं काय ते मी त्याला कितीदा तरी सांगितलंय. तो प्रेमाने माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि म्हणतो, "असू दे आई, तू तेव्हा लहान होतीस."